मुक्काम हलवताना: मुलांसह दीर्घ परदेश प्रवासाची आखणी

सहा-आठ महिने मुलांना घेऊन परदेशात राहायला निघालेल्या कुटुंबाला एका गावी रुळणे फारसे अवघड जात नाही. आठ-दहा दिवसांत भाजीवाली ओळखीची होते, कपडे कुठे वाळत घालायचे ते ठरते, मुलांना खेळायला जागा सापडते. खरी दमछाक होते ती मुक्काम हलवताना. ठाण्याहून आम्ही चौघे निघालो तेव्हा आमची तयारी पहिल्या विमानापुरतीच होती आणि पुढच्या मुक्कामांचा क्रम आम्ही नकाशा पाहून लावला होता. तो क्रम व्हिसा पाहून लावायचा असतो, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे.

युरोपातील २९ शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, व्हिसा सर्वसाधारणपणे आपण कायम राहतो त्याच देशातून मागावा लागतो. पर्यटक म्हणून तिसऱ्याच देशात असताना तेथील वकिलात अर्ज सहसा स्वीकारत नाही. शिवाय हा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. म्हणून युरोपला जायचे असेल तर ते सुरुवातीला ठेवावे आणि ज्या देशांचा ई-व्हिसा कोठूनही काढता येतो, ते नंतर घ्यावेत. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, त्यामुळे दीर्घ मुक्कामासाठी तो देश सोयीचा आहे. मात्र त्याचे दिवस आपण पोहोचल्यापासून नव्हे, तर व्हिसावर छापलेल्या तारखेपासून मोजले जातात. आधीच्या गावी चार दिवस जास्त रेंगाळलात, तर ते चार दिवस पुढच्या मुक्कामातून वजा होतात.

शेंगेनचा हिशेब याहून कडक आहे. कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा दिवसही धरला जातो. इटलीहून पोर्तुगालला गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. त्यातच तुमच्या व्हिसावर मुक्कामाचे दिवस ९० पेक्षा कमी लिहिलेले असू शकतात, आणि तोच आकडा अंतिम असतो. आम्ही घरून कालनिर्णयची पाने नेली होती. प्रत्येक देशात ती स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवायची आणि मुलीने रोज झोपण्यापूर्वी दिवसाच्या चौकटीत उरलेल्या दिवसांचा आकडा लिहायचा, अशी पद्धत ठेवली. मोबाइलमधली नोंद एकालाच दिसते, दारावरचा आकडा सगळ्यांना दिसतो.

नावाच्या बाबतीत मराठी कुटुंबांनी विशेष जपावे. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, आणि अर्ज भरताना ते हमखास गळते. आमच्या धाकट्याच्या ई-व्हिसावर ते मीच भरायला विसरले. विमानतळाच्या काउंटरवर ही चूक निघाली, त्या दिवशीचे विमान गेले, नव्याने अर्ज करावा लागला आणि पाच रात्रींच्या खोलीचे भाडे अंगावर पडले. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाच्या ओळींत नाव जसे छापले आहे तसेच, अक्षर न् अक्षर, भरावे, आणि दुसऱ्या मोठ्या माणसाकडून ताडून घ्यावे. त्याच काउंटरवर पुढे बाहेर पडण्याचे तिकीटही मागितले जाऊ शकते, तेव्हा ते हाताशी असावे.

अनेक देश पासपोर्टची मुदत अजून सहा महिने शिल्लक असावी असा आग्रह धरतात. लहान मुलांचा पासपोर्ट फक्त पाच वर्षांचा असतो, म्हणजे प्रवासाच्या दृष्टीने तो साडेचार वर्षांचाच. मधल्या मुक्कामात मुदत संपत आली, तर भारतीय वकिलातीत नूतनीकरण होते, पण तेवढे दिवस त्याच गावी अडकावे लागते. त्यापेक्षा निघण्यापूर्वीच वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्रात ते काम उरकावे. बँकेचे ओटीपी येणारे सिम रोमिंगसह चालू ठेवावे.

प्रत्यक्ष हलण्याची तयारी आठ दिवस आधी सुरू करावी. नवीन किराणा भरणे थांबवावे, मुलांची नेहमीची औषधे मोजावीत, घरमालकाकडून अनामत रक्कम परत मिळण्याचा दिवस पक्का करावा. शेवटचे दोन दिवस मात्र मोकळे ठेवावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. त्या दिवसांत पाहायचे राहिलेले एखादे स्थळ उरकण्याचा मोह होतो, परंतु मुलांना ते दिवस निरोप घेण्यासाठी हवे असतात. व्हिएतनाममधील होई आन या गावी आमच्या मुलाला शेजारच्या मुलाला स्वतःचा भोवरा द्यायचा होता. दोरी कशी गुंडाळायची हे शिकवण्यात सबंध दुपार गेली. आधीच्या गावाहून आम्ही घाईने निघालो होतो, तेव्हा तोच मुलगा नव्या ठिकाणी आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता.

सामानात एक पिशवी पहिल्या रात्रीची म्हणून वेगळी ठेवावी आणि ती सर्वांत वर असावी. आमच्या पिशवीत दोन वाट्या तांदूळ, मीठ, मेतकुटाची बंद पुडी, लहान कुकर, मुलांचे रात्रीचे कपडे आणि नेहमीची चादर असते. नव्या देशात कोणते अन्न नेता येते ते आधी पाहावे. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने तुपाची बाटली तिथे चालत नाही. विमान दुपारी पोहोचेल असे निवडावे, म्हणजे उजेडात घर सापडते, गॅस कसा पेटतो ते कळते आणि तूप नसले तरी आठ वाजता मुलांच्या ताटात गरम मेतकूट-भात पडतो.