घरगुती उपचार करताय? आधी सोलापूरचं ऊन-पाणी बघा, मग या चुका टाळा

मोबाईलवरचा व्हिडिओ ऋषिकेशला गंगेकाठी काढलेला असतो. पहाटेचं धुकं, अंगावर शाल, हातात वाफाळता काढा. तो बघून आपण इथं विजापूर रोडवर भर मे महिन्यात सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा दोन्ही वेळा प्यायला लागतो. मग छातीत जळजळ, तोंड आलेलं, लघवीला आग. बाहेर पारा 43 च्या पुढे गेलेला असताना आतूनही शेगडी पेटवली तर दुसरं काय होणार? गंमत म्हणजे आयुर्वेदाची ऋतुचर्याच सांगते की ग्रीष्मात तिखट, आंबट, खारट, उष्ण कमी करा आणि व्यायामही बेताचा ठेवा. ज्या शास्त्राच्या नावानं काढा पितो, तेच शास्त्र त्या दिवसांत तो नको म्हणतं.

घरगुती उपचारांना माझा विरोध नाही. आमच्याही घरी ओवा, हळद, एरंडेल आहेच. पण कुठल्या पाण्यात, कुठल्या ऋतूत आणि कुणाच्या अंगावर हे न बघता केलेला चांगला उपचारही बिघडतो. आपल्याकडे ज्या चुका हमखास दिसतात त्याच इथं घेतल्या आहेत.

जलनेतीला बॅरलमधलं पाणी

धूळ, परागकण, सर्दी यांवर जलनेतीनं, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुतल्यानं, बऱ्याच जणांना खरंच बरं वाटतं. अडचण पाण्याची आहे. आपल्या नळाला रोज पाणी कुठं येतं? आलं की टाकी, बॅरल, कळशा भरून ठेवायच्या आणि पुढचे दिवस काढायचे, ही सोलापूरची सवय. ते पाणी अंघोळीला ठीक आहे, नाकाला नाही. पोटात गेलेले बरेच जंतू आम्लात मरतात, नाकात तसला पहारा नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट, साठलेल्या गोड्या पाण्यात राहतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर माणूस बहुधा वाचत नाही. केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण अलीकडच्या काळात वारंवार सापडले आहेत. म्हणून पाणी खळखळून उकळायचं, उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसंच ठेवायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. फिल्टरचं असलं तरी उकळायचंच. बोअरचं क्षाराचं पाणी तर नकोच.

दुसरी चूक मिठाची. अंदाजानं चिमूट टाकली की नाकात झोंबतं आणि माणूस म्हणतो, "मला नेती सोसत नाही." प्रमाण सरळ आहे: एक लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरच्या लोट्याला पाऊण ते एक सपाट चहाचा चमचा. मीठ कमी पडलं तरी झोंबतं आणि जास्त झालं तरी झोंबतं, तेव्हा झोंबलं की आधी चमचा तपासा. पाणी घशात उतरत असेल तर मान मागं गेली आहे. पुढं वाका, डोकं एका बाजूला करा आणि तोंडानं श्वास चालू ठेवा.

तिसरी चूक नेती झाल्यावरची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास हीच देते. उरलेलं पाणी काढायला लोक एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरतात. पाणी कानाकडे ढकललं जातं, कानाला दडे बसतात, कधी कान फुटतोही. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, कमरेत वाकून, हळूहळू श्वास सोडायचा. कान दुखत असेल, नाक पूर्ण चोंदलेलं असेल किंवा घोळणा फुटला असेल तर त्या दिवशी नेती नको. लोटा मात्र धुऊन उन्हात उपडा ठेवा, तेवढं ऊन आपल्याकडे फुकट आहे.

"अजून गरम टाक, काही लागतच नाही"

दिवसभर यंत्रमागावर उभं राहून आलेला माणूस संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडतो. बंबातलं पाणी घमेल्यात ओतलं जातं, त्यात मूठभर खडेमीठ. बायको बोट घालून बघते आणि चटकन हात मागं घेते. हे पाय घालून निवांत बसलेले. वर म्हणतात, "अगं अजून टाक की, काही लागतच नाही मला."

या वाक्यावर थांबायला हवं. जे पाणी तिच्या बोटाला चटका देतं ते त्यांच्या पायाला लागत नसेल, तर नसा बधिर झाल्या आहेत. साखरेचा आजार जुना झाला की हे होतं, आणि कित्येकांना आपल्याला साखर आहे हेच माहीत नसतं. अशा पायाला फोड येतो, तो कळत नाही, चिघळतो, आणि गोष्ट बोट काढण्यापर्यंत जाते. गरम पिशवी आणि तापवलेल्या विटेचा शेक यांचंही तेच. ज्याला मधुमेह आहे त्यानं पाय भिजवूच नयेत हे उत्तम. धुवायचे तर कोमट पाण्यात, पाणी दुसऱ्यानं कोपरानं बघून द्यावं आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. रोज रात्री तळपाय आरशात बघण्याचं काम मिनिटभराचं आहे.

पायावरूनच आठवलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासले की काळे पडतात आणि घासणारा सांगतो, "बघा, किती उष्णता आणि विष निघालं." वाटीचं कासं, तेल आणि घाम यांच्या घासण्यानं तो काळेपणा येतो, कुणाच्याही पायावर येतो. मालिश म्हणून छान वाटते, झोपही लागते, जरूर करा. पण काळेपणा मोजून "आज जास्त विष निघालं" म्हणू नका. रात्रभर पायाला चिकटवायच्या पट्ट्याही याच जातीच्या: ओल लागली की काळ्या पडतात.

तेल अंगाला आणि शहाबादी फरशीलाही

अभ्यंगात औषधापेक्षा न्हाणीघर घातक ठरतं. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी, तीही वर्षानुवर्षं पाय पडून गुळगुळीत झालेली. त्यावर तेलाचे पाय. सत्तरीच्या आजीचं खुब्याचं हाड असंच मोडतं. मालिश खोलीत चटईवर करा, तळपायांना तेल सगळ्यात शेवटी लावा, ते पुसा आणि मगच न्हाणीत जा. फरशीवर जुनं पोतं किंवा रबरी पायपुसणं टाका.

ताप, अपचन, जुलाब असताना मालिश नको, हेही जुनंच सांगणं आहे. आणि घरात करडईचं, तिळाचं तेल असताना व्हिडिओवाला सांगतो म्हणून उन्हाळ्यात सरसोंचं मागवू नका, बऱ्याच जणांच्या त्वचेला ते झोंबतं. तान्ह्या बाळाच्या नाका-कानात तेल सोडणं तर पूर्ण बंद करा. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. बाळाजवळ कापराची पोटली ठेवू नका, बंद खोलीत शेगडीची धुरीही नको. कापूर पोटात गेला तर मुलांना आकडी येते, आणि निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही की त्याचा वास येत नाही.

कावीळ उतरवून घेणं

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण शहरात असो की तालुक्याला, कावीळ झाली की पहिला फोन अजूनही उतरवणाऱ्यालाच जातो. तो हातावर कसलातरी रस चोळतो, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळंजर्द होतं. बघणाऱ्याची खात्री पटते. तो रस बहुधा आंब्याच्या झाडाच्या सालीचा असतो. चुन्याशी गाठ पडली की तो पिवळा होतो. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी पाणी तितकंच पिवळं निघतं, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे चारचौघांत करूनही दाखवलं आहे. गळ्यातली माळ रोज लांब होत जाते तीही अशीच. ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, माळ खाली उतरते. खुंटीला टांगली तरी उतरेल.

मग लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांची आपोआप काही आठवड्यांत बरी होते. श्रेय माळेला जातं. पण कावीळ म्हणजे एक आजार नव्हे. पित्ताशयातला खडा नळीत अडकला तरी डोळे पिवळे होतात, हिपॅटायटिस बी असला तरी होतात, दारूनं यकृत गेलं तरी होतात. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला, त्यातही शेवटच्या महिन्यांत, तर जीवावर बेततं. तिथं माळ लांब होण्याची वाट बघत बसणं परवडत नाही. माळ घालायची तर घाला, पण त्याच दिवशी रक्त तपासा. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोपेतून उठेना, रक्तस्राव झाला, संडास पांढरट होऊन अंगाला खाज सुटली, तर तडक दवाखाना गाठा. नाकात कडू फळाच्या रसाचे थेंब सोडून पिवळं पाणी काढणं आणि पोटावर डाग देणं, या दोन्हीला मात्र सरळ नाही म्हणा.

ऊन लागल्यावर कांदा शोधत बसणं

खिशात कांदा ठेवा, पन्हं प्या, ताक प्या, दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. सगळं ठीक, पन्हं आणि ताक तर उत्तमच. पण ही ऊन लागू नये म्हणूनची तयारी झाली. माणूस बरळतोय, अंग तापलेल्या तव्यासारखं, चालताना झोक जातोय, म्हणजे उष्माघात झाला. तेव्हा तळपायाला कांद्याचा रस चोळण्यात गेलेली पंधरा मिनिटं महागात पडतात. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओतून पंख्याचा वारा द्या, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, पन्हंसुद्धा नाही.

उपवासाची चूकही उन्हाशी जोडलेली आहे. श्रावणी सोमवार असो की रमझानचा रोजा, साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस कसा बदलायचा हे आधी डॉक्टरांना विचारा. साखर 70 च्या खाली गेली तर उपवास तिथंच सोडायचा. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी याला "ऊन बाधलं" समजून झोपून राहणारे पुष्कळ आहेत.

स्वयंपाकघरातल्या बारीकसारीक गोष्टी

सैंधवानं रक्तदाब वाढत नाही हा गैरसमज सोडा. तेही मीठच, सोडियम त्यातही आहे. घसा बसला की ज्येष्ठमध चघळणं ठीक, पण रोज काढ्यात घालून महिनोन् महिने घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा. लिंबू, ताक, चिंच कदापि नाही. दुधीचा रस काढण्याआधी प्रत्येक दुधीचा तुकडा जिभेवर ठेवा, कडू लागला तर अख्खा दुधी फेका. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसानं मृत्यू झाला होता, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनंही (आयसीएमआर) हाच सल्ला दिला. कडूपणा मारायला आवळ्याचा रस मिसळला तर धोक्याची खूणच झाकली जाते.

गुळवेलीवरून वाद झाला तो ठाऊक असेल. कोरोनाच्या काळात ती भरमसाठ घेतल्यावर काहींचं यकृत दुखावल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडलं, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते असं सांगितलं. वाद कुणीही जिंको, कुंपणावरची वेल स्वतः ओळखून तोडून रोज पिणं शहाणपणाचं नाही. भूक मेली, लघवी गडद झाली तर लगेच बंद करा.

बिनलेबलची पुडी

सांधेदुखीवर कुणीतरी कागदात बांधून पुड्या देतं. तिसऱ्या दिवशी गुडघे हलके, आठवड्यात जिना चढता येतो. जडीबुटी इतक्या झटकन काम करत नाही, म्हणून शंका तिथंच यायला हवी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि हे खरं कळल्यावर पुडी एकदम थांबवली तर माणूस कोसळू शकतो. त्यामुळं पुडी चालू असेल तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जा, डोस ते हळूहळू उतरवतील. भस्म आणि रसौषधींत पारा, शिसं असू शकतं, ती वैद्यांच्या देखरेखीशिवाय नको.

पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून घेताना डब्यावर परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता आहे का बघा. मधुमेह, कर्करोग मुळापासून बरा करण्याची जाहिरात दिसली तर 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, एवढं दुकानदाराला ऐकवायला हरकत नाही. आणि ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर लसूण, हळदीच्या कॅप्सूल, काढे, पुड्या, जे काही घेता ते सगळं एका कागदावर लिहून भूलतज्ज्ञांना द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो कागद आजच लिहा.