आजीच्या काळच्या रीतीभाती कशा टिपून ठेवाव्यात

‘तुमच्या वेळी सोवळंओवळं होतं का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘हो, फार होतं.’ विषय तिथेच संपतो. तेच ‘वाड्यात नळ आला नव्हता तेव्हा पिण्याचं पाणी कोण भरायचं, अंघोळीआधी की नंतर, आणि हंडा कुठल्या दारानं आत जायचा?’ असं विचारा. आजी दहा मिनिटं बोलते, आणि सोवळं-ओवळं हा शब्द न उच्चारता सगळं सांगून जाते. या कामातली मुख्य हातोटी हीच: रीत विचारायची नाही, घडलेलं विचारायचं. रीत विचारली की माणूस नियम सांगतो. नियम आणि वागणं यांत प्रत्येक घरात, प्रत्येक काळात फट असते, आणि काळ कसा बदलला ते त्या फटीतच दिसतं.

एका बैठकीला एकच विषय घ्या. पंगत, लग्न ठरणं, बाळंतपण, सुतक, शिवाशिव, घरातल्या हाका, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), यांतला कोणताही चालेल. ‘तुमचं आयुष्य सांगा’ म्हटलं की शाळा, नोकरी, मुलांची लग्नं अशी यादी मिळते आणि रोजचं जगणं बाहेरच राहतं. प्रत्येक विषयाला निदान दोन बाजूंची माणसं गाठा: सासू आणि सून, वाड्याचे मालक आणि बिऱ्हाडकरू, पंगतीत आधी बसणारे आणि शेवटी बसणाऱ्या. पंगतीबद्दल पुरुषाला विचारलं तर पदार्थ समजतात. शेवटच्या पंगतीतल्या बाईला ‘तुमच्या पानापर्यंत काय उरायचं?’ एवढंच विचारा. घरातलं स्थान त्या एका उत्तरात येतं.

आधी वाड्याचा नकाशा काढा

जुन्या नाशकात, भद्रकाली, रविवार पेठ किंवा पंचवटीत, वाड्यात वाढलेलं माणूस समोर असेल तर प्रश्नांआधी कोरा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवा. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, जिना, परसू, विहीर, संडास असं सगळं त्यांनाच काढू द्या. प्रमाण चुकलं तरी हरकत नाही. मग रंगीत पेन्सिलीनं एकेका माणसाची वाट काढायला सांगा. दूधवाला कुठपर्यंत यायचा? न्हावी कुठे बसायचा? धुणं-भांडी करणारी बाई कोणत्या दारानं यायची? जावई, व्याही, मुलांचे दुसऱ्या जातीचे किंवा धर्माचे मित्र, भाजीवाली, भंगी, भटजी, मुलीला पाहायला आलेली मंडळी, यांतलं कोण ओसरीवर थांबायचं आणि कोणाला माजघरापर्यंत मुभा होती?

प्रत्येक वाट जिथे थांबते तिथे फुली मारा आणि विचारा, ‘इथून पुढे गेलं असतं तर काय झालं असतं?’ आणि लगेच, ‘असं कधी कोणी गेलं होतं का?’ दुसरा प्रश्न गाळू नका. घडून गेलेले प्रसंग त्यातूनच बाहेर येतात: कोणाला ओरडा बसला, कोणी गोमूत्र शिंपडलं, कोणी काहीच बोललं नाही आणि मग हळूहळू तो नियमच मोडला.

याच नकाशावर वस्तूही मांडा. सोवळं कोणत्या उंच दांडीवर काठीनं वाळत टाकलं जायचं, लोणच्याची बरणी कुठे, घंगाळ कुठे, बाहेरून आलेल्याची वेगळी कपबशी कोणत्या कोनाड्यात आणि ती कोण विसळायचं. वेगळ्या कपाबद्दल थेट विचारलं तर बरीच माणसं ‘आमच्याकडे असलं काही नव्हतं’ म्हणतात. कप कुठे असायचा असं विचारलं तर कोनाड्याकडे बोट जातं. हे फसवणं नव्हे. आठवण जागेला चिकटलेली असते, म्हणून जागेपासून सुरुवात करायची.

काम झाल्यावर पाळीतल्या बाईची जागा विचारा. हा प्रश्न बाईनं बाईला, पुरुष खोलीत नसताना विचारायचा. शब्द त्यांचाच घ्या. कोणी ‘बाहेरची’ म्हणतं, कोणी ‘कावळा शिवला’, कोणी ‘बाजूला बसणं’. चार दिवस त्या कुठे झोपायच्या, ताट कोण द्यायचं, पाणी वरून ओतलं जायचं का, शाळा किंवा नोकरी असली तर काय करायच्या, हे एकेक करून घ्या. ‘हे कधी थांबलं?’ याचं उत्तर सहसा ‘हळूहळू’ असं येतं. त्यावर थांबू नका. विभक्त घर झाल्यावर, फ्लॅटमध्ये आल्यावर, सासूबाई गेल्यावर की नोकरी लागल्यावर, असे पर्याय द्या. दोन खोल्यांच्या घरात बाजूला बसायला ‘बाजू’च उरत नाही. अनेक रीती विचारानं नव्हे तर जागेअभावी गेल्या, आणि ते तसंच लिहायला हवं.

साल पक्कं करणं

‘लहान होते तेव्हा’ ही तारीख नव्हे. जन्मतारखेवरही फार विसंबू नका. कागदोपत्री १ जूनला जन्मलेली वडीलधारी माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, कारण शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली जायची.

नाशकात साल ठरवायला खुंट्या भरपूर आहेत. सिंहस्थ १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२, २००३-०४ आणि २०१५-१६ असे झाले. गुरू सिंह राशीत असताना लग्नकार्य टाळायची रीत अनेक घरांत होती. ‘सिंहस्थ संपल्यावर लगेच उरकलं’ असं कोणी म्हटलं की लग्नाचं साल जवळजवळ हाती येतं. गोदावरीचा मोठा पूर १९६९चा. त्या वेळी पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर होतं, नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं होतं का, हे लोकांना लख्ख आठवतं. तेव्हा ‘पुराच्या वेळी कडेवर मूल होतं का?’ असा प्रश्न कामी येतो. मात्र तरुण माणसांच्या डोक्यात २००८चा पूर असतो, त्यामुळे कोणता पूर ते आधी विचारून घ्या. शिवाय १९४८ (गांधीहत्या), १९७२चा दुष्काळ, आणीबाणी (१९७५-७७), १९८२ साली झालेली महानगरपालिका या खुणा आहेतच.

पैशांवरूनही काळ कळतो. आणे-पै सांगत असतील तर गोष्ट बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची. त्या दिवशी नवा पैसा आला आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले. लोक नंतरही वर्षानुवर्षं चार आणे, आठ आणे म्हणत राहिले, म्हणून ‘तांब्याचा भोकाचा पैसा हाती घेतला होता का?’ असंही विचारा.

जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. वद्य पक्षाची तिथी असेल तर जपून. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपदातली असते. पंचवटीत उत्तरेकडून आलेल्या साधूंशी किंवा कुटुंबांशी बोलताना ही गफलत नेहमी होते.

ध्वनिमुद्रण

मोबाइल पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे टेबलाचे धक्के येणार नाहीत, आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून फूट-दीड फुटावर ठेवा. पंखा बंद. सुरुवातीला स्वतः नाव, ठिकाण, तारीख बोला. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तासाला साधारण ५८ एमबी जागा लागते. मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल तासाला सुमारे ३१८ एमबी होते. जागा असेल तर वेव्ह घ्या. फाइलचं नाव ‘२०२५-०३-०९_पंगत_भाग१’ असं ठेवा, ‘आजी नवीन फायनल’ असं नको. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. तासाभराचं बोलणं लिहून काढायला पाच-सहा तास धरा. ऐंशीच्या पुढच्या माणसाची बैठक पाऊण तासाहून लांबवू नका.

लिहिताना भाषा ‘सुधारू’ नका. बागलाण-मालेगावकडची बाई अहिराणीत बोलली तर अहिराणीतच उतरवा, अर्थ खाली द्या. शब्द गेला की त्यासोबत रीतही जाते.

हाकांचा तक्ता

हे छोटं काम आहे, पण फार बोलकं. चार रकाने आखा: कोण, कोणाला, तू की तुम्ही, हाक कोणती. दहा-बारा नाती पुरेत. नवरा-बायको (दोन्ही दिशांनी), सून-सासू, मूल-आई, मूल-वडील, दीर-भावजय, नणंद-भावजय, घरमालक आणि कामाचा माणूस. हा तक्ता तीन पिढ्यांसाठी वेगवेगळा भरा.

एकत्र कुटुंबात मुलं स्वतःच्या आईला ‘वहिनी’ किंवा ‘काकी’ आणि आजीला ‘आई’ म्हणत, कारण घरात कानावर तेच पडे. वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःच्या मुलाला मांडीवर घेणं बरं दिसत नसे. तिथेच आज ‘ए बाबा, तू ये ना’ ऐकू येतं. नवऱ्यासाठी ‘इकडून’, ‘अहो’, ‘कारभारी’, ‘मालक’ आणि आता थेट नाव, हा सगळा प्रवास एकाच घरात सापडू शकतो. नाव घ्यायचं नसेल तर रेशनकार्डाच्या कचेरीत नवऱ्याचं नाव कसं सांगायच्या, हे जरूर विचारा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नवं नाव कोणी ठरवलं, ते आवडलं होतं का, आणि माहेरी कोणत्या नावानं हाक येई, हेही.

कागद काढा

एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका शेजारी ठेवा. निमंत्रक कोण, नवऱ्या मुलाच्या आईचं नाव आहे का, ‘चि. सौ. कां.’ कुठे आहे, मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा, ‘आहेर आणू नये’ ही ओळ कधी आली. आहेराच्या वहीतले आकडे आजच्या पैशांत फिरवत बसू नका. त्या साली घरातल्या कमावत्याचा महिन्याचा पगार किती होता तेवढं विचारा आणि प्रमाण काढा. देण्याघेण्याची ‘यादी’ सापडली तर उत्तम. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानंतर ‘हुंडा’ शब्द यादीतून कसा गेला आणि ‘वरखर्च’, ‘मानपान’ कसे राहिले ते त्यात दिसतं.

रामकुंडावरचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय गावागावांच्या, आडनावांच्या वह्या ठेवतात. यात्रेला आलेल्यांची नावं आणि वंशावळ त्यात असते. जाण्यापूर्वी मूळ गाव, तालुका, आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या. नुसत्या आडनावावर वही निघत नाही. जुनी पानं मोडीत असतील तर परवानगी घेऊन फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. शहराच्या ताळ्यासाठी १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर पाहा. पण ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेनं लिहिलेलं आहे. जातवार वर्णनं ‘अमुक लोक असे असतात’ या थाटाची आहेत, म्हणजे नेमकी आपण टाळतो तीच चूक.

दुसऱ्या घराशी तुलना

आपल्या घरची रीत म्हणजे ‘पूर्वीची मराठी रीत’ असं लिहिणं ही सर्वांत मोठी चूक. मामाच्या मुलीशी लग्न अनेक मराठी समाजांत चालतं, उत्तरेकडच्या बहुतेक हिंदू घरांत ते बहीण-भावाचं नातं मानतात, आणि मुस्लिम घरांत चुलत भावंडांचंही लग्न होऊ शकतं. १९५५चा हिंदू विवाह कायदा जवळच्या नात्यातली लग्नं रोखतो, पण दोघांच्या घरी तशी रूढी असेल तर मोकळीक देतो. पेठ-सुरगाण्याकडे कोकणा, वारली समाजांत मुलाकडचे मुलीकडच्यांना देज देत आले आहेत. नाशिक शहरातला हुंडा उलट्या दिशेनं जातो, तोही एका बसच्या अंतरावर. म्हणून प्रत्येक नोंदीवर गाव, जात किंवा समाज, घरची परिस्थिती आणि अंदाजे साल लिहा.

शिवाशिवीची नोंद एकाच बाजूनं कधी पुरी करू नका. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी याच शहरात सुरू झाला. ‘आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदानं राहत’ हे वाक्य ओसरीच्या आतल्या माणसाचं असतं. बाहेर उभं राहिलेल्याच्या घरी जाऊन तोच प्रसंग विचारा, आणि दोन्ही नोंदी जुळवून एक करण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवा.

लग्नाच्या वयातही सांगणं घसरतं. शारदा कायद्यानं १ एप्रिल १९३० पासून मुलीचं वय किमान १४ केलं, १९७८च्या दुरुस्तीनं १८. कायद्याच्या धाकानं किंवा आता लाज वाटते म्हणून वय एक-दोन वर्षांनी वाढवून सांगितलं जातं. ‘नहाण आलं होतं का?’, ‘शाळा कितवीत सुटली?’ यावरून ताळा करा. पण समोरच्याला खोटं पाडू नका. दोन्ही आकडे लिहा.

तोंडावर आश्चर्य किंवा किळस दाखवली की बोलणं आटतं. उलट ‘किती छान होतं तेव्हा’ म्हटलं की आठवण गोड होत जाते. ‘मग?’ एवढंच म्हणा आणि थांबा. पाच-सहा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण नेमकी गोष्ट तिच्यानंतर येते.

लिहून झालं की ते घेऊन परत जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. केशवपन, आलवण (विधवेचं लाल लुगडं), सासुरवास, टाकलेली बाई यांबद्दल कोणी बोललं असेल तर तो भाग कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही, हे त्यांच्याकडून कागदावर घ्या. तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या. ‘हे मी गेल्यावर’ असं त्या म्हणाल्या तर पाकिटावर तेच शब्द लिहून पाकीट चिकटवा.