लोन काढून घर घेताय? कागदपत्रांबद्दल नेहमी पडणारे प्रश्न

बँकेचा वकील पेपर बघतोच ना मग आपला वेगळा कशाला, हा प्रश्न सगळेच विचारतात. अहो, तो बँकेचे पैसे बुडू नयेत एवढंच बघतो, तुमच्या सोयीचं बघायला तुमचाच माणूस हवा, इथे कंजूषी नको.

तुमचा वकील काय करतो? टायटल सर्च, म्हणजे घर खरंच विकणाऱ्याच्या नावावर आहे का, त्यावर बोजा (म्हणजे घर तारण ठेवून काढलेलं कर्ज), कोर्टकेस, दुसऱ्या कुणाचा हक्क आहे का, ते शोधतो. विकणाऱ्याचंच जुनं लोन चालू असेल तर घाबरू नका, असं बऱ्याचदा असतं, फक्त तुमच्या पैशातून आधी ते फिटणार आणि त्याची बँक बोजा उतरवल्याचं लेखी देणार हे करारात आलंच पाहिजे, तोंडी 'होऊन जाईल' वर जाऊ नका.

टोकन, म्हणजे सौदा ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम, कधी द्यायचं? लोन नाही झालं तर परत मिळेल असं लिहून घेतल्यावरच.

आणि हो, ऐनवेळी 'पैसे पाठवायचा अकाउंट नंबर बदललाय' असा ईमेल आला तर आधी वकिलाला त्याच्या जुन्या नंबरवर फोन लावा, अशा खोट्या ईमेलमुळे लोकांचे पैसे गेलेत. खरेदीखत झालं की रजिस्ट्रेशन, त्यात नावाचं स्पेलिंग तपासा.