तंजावरी मराठी घरांची वंशावळ लावताय? या चुका टाळा

आमच्याकडे पितळेची एक घागर आहे, कुंभकोणमची. तिच्या गळ्याशी ठोक्याठोक्यानं तमिळ अक्षरांत एक नाव घातलंय. सुरुवातीला 'को' आहे, शेवटी 'राव' आहे आणि मधली अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं घासून गेली आहेत. आईच्या माहेरची वंशावळ लावायला घेतली तेव्हा मी हे नाव बेधडक 'कोनेरराव' वाचलं. एका कोनेररावांना खानदानात जागा दिली, त्यांना दोन मुलंही जोडली. मग एका तमिळ शेजाऱ्यानं शांतपणे सांगितलं की तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारांना मिळून एकच अक्षर. म्हणजे तो 'को' 'गो'ही असू शकतो. गोविंदराव, गोपाळराव, कुणीही. माझे कोनेरराव जन्मलेच नव्हते.

तंजावरला मराठी माणूस येऊन साडेतीनशे वर्षं होत आली. व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास तिथं राज्य उभं केलं, ते १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले तेव्हा कंपनीनं खालसा केलं. या काळात कारकून, शिलेदार, पुरोहित, कीर्तनकार, मुदपाकातले आचारी अशी बरीच घरं कावेरीकाठी वसली. परक्या मुलखात आपल्या भाषेची आणि आपल्या जातीची घरं मोजकीच, त्यामुळे सोयरीक त्याच त्या घरांत फिरत राहिली. त्यात दक्षिणेत मामा-भाचीचं लग्नही चालतं. साहजिकच इथल्या वंशावळीचा वृक्ष होत नाही, जाळं होतं. महाराष्ट्रातल्या कुलवृत्तांताच्या साच्यात ते कोंबायला गेलं की काय काय बिघडतं, ते माझ्याच चुकांवरून सांगते.

नातं लिहून ठेवणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून आधी.

चेन्नईची मावशी एका बाईंबद्दल बोलताना 'आमची धाकटी आजी' म्हणायची. मदुरैचे चुलतमामा त्याच नावाच्या बाईंना 'अण्णांची आतेबहीण' म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे आजोबा. मी वहीत दोन बायका लिहिल्या. दोघींचं नाव एक, गाव एक, मृत्यूची तिथीही एक, तरी माझी ट्यूब पेटायला वर्ष गेलं. पणजोबांची पहिली बायको गेली आणि त्यांनी सख्ख्या बहिणीच्या मुलीशी दुसरं लग्न केलं. पहिलीचा मुलगा म्हणजे आजोबा. त्यांना ही बाई बापाकडून सावत्र आई आणि आत्याकडून आतेबहीण. मावशी खरी बोलत होती, मामाही खरंच बोलत होते. खोटी होती ती माझी वही.

तेव्हापासून एक नियम केलाय. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: कोण कुणाच्या पोटी जन्मलं आणि कुणाचं कुणाशी लग्न झालं. मावशी, आत्या, चुलत, मावस यातला एकही शब्द मूळ नोंदीत नको. ही नाती त्या दोन गोष्टींतून आपोआप निघतात, आणि एकाच माणसाशी तीन निघाली तरी तिन्ही खरी असतात. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या. नवं नाव आलं की आधी विचारा, हा जुन्याच क्रमांकाचा माणूस तर नाही?

पिढ्या मोजून काळ ठरवायचा मोहही आवरा. 'एका पिढीची पंचवीस वर्षं' हा हिशेब इथं कोलमडतो. मामानं भाची केली की त्यांच्या मुलाचे आजोबा आणि आईकडचे पणजोबा हा एकच माणूस असतो. तो कितव्या पिढीत धरणार? आते-मामे भावंडांचं लग्न असेल, तर मुलांना आठ पणजोबा-पणज्यांऐवजी सहाच असतात. झाडाच्या चित्रात दोन चौकटी रिकाम्या दिसतात आणि आपण हरवलेली माणसं शोधत बसतो. हरवलेलं कुणीच नसतं.

हाक आणि नातं एकच समजणं

मुंबई-पुण्याहून गेलेल्या माणसाची इथं हमखास फसगत होते. तमिळ ब्राह्मणांत कुठल्याही वयस्क बाईला 'मामी' म्हणतात, शेजारणीला आणि शाळेतल्या बाईंनाही. तंजावरी घरांत हीच सवय मुरलेली आहे. 'त्या मामींनी सांगितलं' यावरून मामाची बायको शोधायला निघू नका. तमिळमध्ये 'अत्तै' म्हणजे आत्या आणि सासूलाही अत्तै म्हणतात, कारण आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत.

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही जुन्या बायका सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणायच्याच की! आतेमामे लग्नांची ती खूण आहे. फक्त आपण हाक ठेवली आणि रीत विसरलो.

म्हणून म्हाताऱ्या माणसांना 'तुमचं त्यांच्याशी नातं काय?' हे विचारूच नका. लग्नाचं विचारा. मुलीला बोहल्यावर कुठल्या मामानं आणलं? करवली कोण होती? माझ्या एका आजेमावशीला मी हे विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. मामाच नवरदेव म्हटल्यावर तिला आणायला दुसरा मामा शोधावा लागला होता. त्या एका उत्तरात मला हवा असलेला अख्खा दुवा मिळाला.

'राव'ला आडनाव समजणं

तमिळनाडूत गेलेल्या बहुतेक मराठी घरांची आडनावं गळाली किंवा आद्याक्षरात दडली. उरला तो 'राव'. हा राव देशस्थाला लागतो, मराठ्याला लागतो आणि तेलुगू माणसालाही लागतो, त्यामुळे त्यावरून जातही कळत नाही आणि घराणंही. नावाआधीची अक्षरं गावाची असतात, बापाची असतात, क्वचित आडनावाचीही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दोन माधवरावांचं. दोघेही तंजावरी मराठी, दोघेही त्रावणकोरचे दिवाण आणि दोघेही पुढे बडोद्याचे दिवाण. टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले. १८७२ पर्यंत त्रावणकोर, मग इंदूर आणि १८७५ ते १८८२ बडोदं. व्ही. पी. माधवराव १९०४ ते १९०६ त्रावणकोरला, मग १९०९ पर्यंत म्हैसूरला आणि १९१४ ते १९१६ बडोद्याला. पहिल्यांचा 'टी' म्हणजे तंजावर, गाव. दुसऱ्यांचा 'पी' म्हणजे पाटणकर, चक्क आडनाव. 'आमचे एक पूर्वज माधवराव बडोद्याला दिवाण होते' असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, कुठले? त्रावणकोरला १८८७ ते १८९२ टी. रामरावही दिवाण होते. त्यांचाही 'टी' तंजावरचाच. तेवढ्यावरून कुणाला कुणाचा भाऊ ठरवू नका.

इंग्रजी कागदांत शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकात राव हे बऱ्याचदा आर-ओ-डब्ल्यू असं लिहिलं जाई. फक्त आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर निम्मे राव हाती लागत नाहीत. आणि मुलीच्या नावाआधीचं आद्याक्षर लग्नानंतर बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. शाळेच्या दाखल्यावरची आणि लग्नानंतरच्या कागदावरची बाई दोन वेगळ्या वाटू शकतात.

संवत्सराच्या नावावर भरवसा ठेवणं

घरातल्या जुन्या टिपणांत सन नसतो, संवत्सर असतं. 'शार्वरी संवत्सर, अमुक तिथी, पुत्र झाला.' साठ संवत्सरांचं चक्र फिरून फिरून येतं. शार्वरी १९००-०१ ला होतं, १९६०-६१ ला होतं आणि २०२०-२१ लाही होतं. साठ वर्षं म्हणजे साधारण दोन पिढ्या, आणि आपल्याकडे नातवाला नाव आजोबांचंच. म्हणजे नाव आणि संवत्सर दोन्ही हातात हात घालून परत येतात! आजोबांचा जन्म नातवाच्या नावावर चढवायला याहून सोपा सापळा नाही. अशा टिपणात दुसरा एखादा धागा मिळाल्याशिवाय सन लिहू नका: कागदावरचा शिक्का, एखादी बदली, घराची खरेदी, काहीही.

त्यात महिने. ही घरं सणवार चांद्रमासानं करतात, पण भोवतालचं जग तमिळ सौरमासावर चालतं. तमिळ 'चित्तिरै' एप्रिलच्या मध्याला सुरू होतो, आपला चैत्र त्याआधीच लागलेला असतो. आपला कार्तिक चालू असतो तेव्हा तमिळ 'कार्तिगै' लागतो. वर्षही तसंच, आपलं पाडव्याला बदलतं, त्यांचं मेष संक्रांतीला. मधल्या दिवसांत जन्मलेल्या मुलाचं संवत्सर लिहिणाऱ्यावर अवलंबून. जमिनीच्या कागदावर 'फसली', म्हणजे महसुली वर्ष, दिसलं तर इसवी सनासाठी मद्रास इलाख्यात त्यात ५९० मिळवा. फसली १३०० म्हणजे १८९०-९१, वर्ष जुलैपासून.

'आम्ही महाराजांबरोबर आलो'

हे प्रत्येक घरात ऐकू येतं. काही घरं खरंच व्यंकोजीराजांच्या वेळची, काही त्याआधी शहाजीराजांबरोबर बंगळूरला आलेली, पण पुष्कळशी अठराव्या शतकात, दुसऱ्या सरफोजींच्या काळात, अगदी राज्य गेल्यावरही आलेली. पहिला पुरुष १६७५ ला नेऊन बसवला की मधल्या रिकाम्या पिढ्या भरण्यासाठी नावं ताणावी लागतात. जिथपर्यंत कागद आहे तिथंच थांबा. वरची जागा मोकळी दिसली तर दिसू द्या.

राजघराण्याशी नातं जोडण्याची हौस तर विचारूच नका. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसल्यांचा भलामोठा मराठी लेख आहे. सरफोजींच्या आज्ञेनं कोरलेला. मोठा मोलाचा, पण तो राजानं स्वतःच्या वंशाबद्दल लिहवून घेतलेला आहे हे वाचताना विसरू नये. खुद्द सरफोजी तुळजाराजांना दत्तक आलेले. दत्तकाची दोन घरं असतात. वंशावळीत दोन्ही दाखवा, जन्माची रेघ वेगळी, दत्तकाची वेगळी. सोयरिकीच्या घरातूनच दत्तक घेतला असेल तर एकच रेघ ओढून चालत नाही.

संगणकाला आणि डीएनएला शरण जाणं

थोडक्यात सांगते. वंशावळीची बरीच सॉफ्टवेअरं एकाच माणसाला चित्रात दोनदा दाखवतात. घाबरू नका, नोंद एकच आहे ना ते पाहा. 'हे दोघे एकच दिसतात, जोडू का?' असा सल्ला आला की दहादा विचार करा, कारण इथं एकाच नावाचे चुलतभाऊ रांगेनं असतात. डीएनए चाचणी अशा समाजात नातं जवळचं दाखवते. चार लांबच्या वाटांनी मिळालेले तुकडे तिच्या बेरजेत एका जवळच्या वाटेसारखे दिसतात.

फक्त बापाची रेघ धरणं

आपली वंशावळ बाप-मुलगा-नातू अशी उतरते. तंजावरी घरांत ही घरं एकमेकांना बांधली गेली ती बायकांमुळे, आणि कागदांत नेमक्या त्याच नाहीत. जुन्या वाटणीपत्रांत मुलींची नावं सहसा नसतात. तमिळनाडूत वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क १९८९ मध्ये आला.

मग त्या कुठं सापडतात? श्राद्धात. पुरोहिताच्या हातातल्या त्या मळक्या वहीकडे आपलं लक्षच जात नाही. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांच्या बायका, आणि मग मातृकुळातले तिघे: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह, म्हणजे आईचे वडील, आजोबा आणि पणजोबा. सगळे नावागोत्रासकट. पितृपक्षात तर यादी आत्या, मामा, सासऱ्यापर्यंत जाते.

कुंभकोणमच्या भटजींच्या वहीतलं एक पान मी फोटो काढून घेतलं आणि आजोबांची यादी माझ्या सख्ख्या मामाच्या यादीशेजारी ठेवली. आजोबांच्या यादीत मातामहाच्या जागी गोविंद. मामाच्या यादीत प्रमातामहाच्या जागी तोच गोविंद, तेच गोत्र. एक पायरी वर सरकलेला. असं सरकणं दिसलं की समजायचं, मधल्या पुरुषानं मामाची मुलगी केली आहे. आजोबांनी केलीच होती, पण घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेलं कोण कशाला सांगेल?

आणि मग घागरीवरचा 'को' वाचता आला. गोविंदराव. मावशी म्हणायची घागर पणजीबरोबर आली, म्हणजे पणजोबांच्या पहिल्या बायकोबरोबर. मामा म्हणायचे, छे, ती आजीची. या एका घागरीवरून दोघांत दोन दिवाळ्या अबोला होता. सासू आणि सून, दोघींचं माहेर ते एकच घर. घागर कुठून आली हा वाद मिटला. कुणाच्या लग्नात आली, यावर दोघं अजून भांडतात.