ओव्हलवर नॅसकार बघायला पहिल्यांदा जाताय? खालच्या रांगेचं तिकीट काढू नका

नॅसकार म्हणजे अमेरिकेतल्या गाड्यांच्या शर्यती, बहुतेक ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर. "गाड्या नुसत्या डावीकडे वळत गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय" असं मी स्वतः कित्येक वर्षं म्हणायचे. मग एका मैत्रिणीने ओढत अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर नेलं आणि पहिल्याच दिवशी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या करून झाल्या. तिकिटं मी काढलेली, आणि जवळून दिसेल म्हणून हौसेने खालून चौथ्या रांगेची काढलेली. चाळीसेक गाड्यांचा घोळका समोरून गेला तेव्हा एक रंगीत पट्टा आणि कानठळ्या, बस्स, मग पुढची जवळपास पन्नास सेकंद रिकामा रस्ता बघत बसायचं आणि परत पट्टा. सँडविचवर टायरच्या रबराचे काळे कण. कोण पुढे, कोण मागे, काही म्हणजे काही कळलं नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

पहिला प्रश्न, कुठल्या ट्रॅकवर जायचं. ओव्हल म्हटलं की सगळे सारखेच वाटतात पण तसं अजिबात नाहीये. टेनेसीतला ब्रिस्टल फक्त ०.५३३ मैलांचा, काँक्रीटचा, चारी बाजूंनी उंच स्टँड, एक लॅप, म्हणजे फेरी, साधारण १५ सेकंदांत संपतो आणि असे ५०० लॅप्स, म्हणजे श्वास घ्यायलाही वेळ नाही. व्हर्जिनियातला मार्टिन्सव्हिल ०.५२६ मैलांचा, पेपरक्लिपसारखा, दोन लांब सरळ रस्ते आणि दोन्ही टोकांना अगदी घट्ट वळणं, तिथे ब्रेक जपता आले तोच जिंकतो. नॅसकारची स्थापना १९४८ची आणि हा ट्रॅक १९४७चा, म्हणजे संस्थेपेक्षा ट्रॅक थोरला. जिंकणाऱ्याला तिथे कप नाही, माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ मिळतं. साउथ कॅरोलायनातला डार्लिंग्टन (१९५०) अंड्याच्या आकाराचा आहे, कारण जागेच्या मूळ मालकाने त्याच्या माशांच्या तळ्याला धक्का लावू दिला नाही, म्हणून एका टोकाची वळणं आवळून घ्यावी लागली. आजही ड्रायव्हर त्या तळ्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण एका टोकाला जमलेली गाडी दुसऱ्या टोकाला ऐकत नाही.

आणि मग फ्लोरिडातला डेटोना (२.५ मैल) आणि टॅलाडेगा (२.६६ मैल). टॅलाडेगाची वळणं ३३ अंश कललेली आहेत, चालत वर चढायचं म्हटलं तरी हात टेकावे लागतील. १९८७ला इथे ड्रायव्हर बिल एलियटने क्वालिफाइंगमध्ये (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत) ताशी २१२.८०९ मैल मारले, आणि त्याच वीकेंडच्या रेसमध्ये बॉबी ॲलिसनची गाडी टायर फुटून उडाली आणि प्रेक्षकांसमोरचं जाळीचं कुंपण फाडून गेली. पुढच्या वर्षीपासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा मुद्दाम कमी केली, ती आजपर्यंत वेगवेगळ्या पद्धतीने कमीच ठेवलीये. झालं काय की सगळ्यांचा वेग सारखा, कोणीच एकटा सुटून जाऊ शकत नाही, त्यामुळे तीन-तीन गाड्या शेजारी-शेजारी आणि त्यामागे दहा-बारा ओळी असा अख्खा घोळका ताशी ३०० किलोमीटरने पळतो, आणि त्यात एक चुकला की वीस गाड्यांचा चुराडा, त्याला तिथे 'द बिग वन' म्हणतात. बघायला थरारक आहे, पण पहिल्यांदा जाणार असाल तर मी ब्रिस्टल नाहीतर मार्टिन्सव्हिलच सांगेन. पूर्ण ट्रॅक एका नजरेत दिसतो, हे सगळ्यात महत्त्वाचं.

तिकीट काढताना रांगेचा नंबर बघा. थिएटर उलटं करून ठेवलंय असं समजा, जितकं वर तितकं भारी. खाली बसलात तर मधल्या भागात उभ्या असलेल्या ट्रेलर आणि बसेसच्या आड पलीकडचा रस्ता दिसतच नाही. वरून मात्र कोण दोन लॅप आधीपासून कोणाला गाठत आणतोय ते दिसतं. जागा शक्यतो चौथ्या वळणापासून फिनिश लाइनपर्यंतच्या पट्ट्यात घ्या, म्हणजे पिट रोड (टायर-पेट्रोलसाठी गाड्या थांबतात तो रस्ता) समोर येतो.

वीकेंड असा असतो: साधारण शुक्रवारी ट्रक्सची मालिका, शनिवारी दुसऱ्या नंबरची मालिका (२०२५पर्यंत जिला एक्सफिनिटी म्हणायचे ती), रविवारी कप, म्हणजे मुख्य मालिका. मध्ये कुठेतरी सराव आणि क्वालिफाइंग उरकतात. तीनही दिवस जायची गरज नाही, पण शनिवारची रेस बघाच, तिकीट स्वस्त, गर्दी कमी, आणि रविवारसाठी डोळ्याला सवय होते. रविवारी रेसच्या आधी ट्रॅकवर उतरू देणारा पास मिळाला तर सोडू नका. फिनिश लाइनवर लोक मार्करने नावं लिहितात, आणि वळणाचा चढ पायांना कळला की मग टीव्हीवर सपाट दिसणारी रेस परत कधी सपाट दिसत नाही.

सामान. बऱ्याच ट्रॅकवर स्वतःचं खाणंपिणं आत नेऊ देतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या खेळांत दुर्मीळ आहे, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. कापडी कूलर चालतो, काचेची बाटली चालत नाही, कूलरचं माप ट्रॅकच्या साइटवर आदल्या दिवशी बघून घ्या. टोपी, सनस्क्रीन, आणि बसायला काहीतरी, कारण ॲल्युमिनियमचा बाक दुपारी तव्यासारखा तापतो. छत्री नको, मागचे लोक ओरडतील, साधा पातळ रेनकोट घ्या. मार्टिन्सव्हिलला जात असाल तर जेवण नेऊ नका, तिथला गुलाबीसर हॉट डॉग खाल्ल्याशिवाय परत आलात तर कोणी विश्वासच ठेवणार नाही की तुम्ही गेला होतात.

पार्किंग म्हणजे बहुतेक ठिकाणी एक अवाढव्य गवताचं माळरान. उतरल्या उतरल्या रांगेच्या पाटीचा फोटो काढा, संध्याकाळी हजारो पिकअप ट्रक एकसारखे दिसतात. सुरुवातीच्या निदान चार तास आधी पोचा.

आता खरी गोष्ट. कान झाका, आणि त्याच कानांनी रेस बघा. ३५८ क्युबिक इंचांची चाळीस व्ही-८ इंजिनं एकदम सुरू झाली की आवाज छातीत बसतो, त्यामुळे लहान मुलांना इअरमफ हवेतच, मोठ्यांनीही शूरपणा करू नये. पण नुसते बोळे घालून बसण्यापेक्षा स्कॅनर आणि हेडफोन भाड्याने घ्या, ट्रॅकबाहेर त्यांचे स्टॉल असतात. प्रत्येक गाडीचा रेडिओ चॅनल उघडा असतो, म्हणजे ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (टीमचा प्रमुख) आणि स्टँडच्या माथ्यावर उभा असलेला स्पॉटर काय बोलतात ते सगळं तुम्हाला ऐकू येतं. चाळीस गाड्यांकडे बघायला गेलात तर एकही दिसत नाही. एक गाडी निवडा. जिंकणारीच पाहिजे असं नाही, मी तर मुद्दाम सतराव्या-अठराव्या नंबरवरची धरते, कारण खरी मारामारी तिथे चालू असते आणि टीव्हीचा कॅमेरा तिकडे वळतच नाही.

ऐकायला काय येतं? स्पॉटर अखंड बोलत असतो, "इनसाइड, इनसाइड, स्टिल देअर, क्लिअर". ड्रायव्हरला बाजूचं नीट दिसत नाही, त्यामुळे त्या "क्लिअर"वर विश्वास ठेवून तो स्टिअरिंग फिरवतो. ड्रायव्हर दोनच तक्रारी करत असतो, गाडी 'टाइट' आहे म्हणजे पुढची चाकं वळायला तयार नाहीत आणि गाडी भिंतीकडे सरकतेय, किंवा 'लूज' आहे म्हणजे मागचा भाग सटकतोय. या दोन शब्दांवर अर्धी रेस समजते. पाचेक लॅप्स टाइट-टाइट ऐकलं की पुढच्या पिट स्टॉपला टायरमधली हवा कमीजास्त करतात, आणि त्यानंतर तीच गाडी एकेकाला मागे टाकत निघाली की असं वाटतं की आपणच काहीतरी सांगितलं होतं.

पिट स्टॉपला दुर्बीण असेल तर लावा. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात, दोन टायर बदलणारे, एक टायर आणणारा, एक जॅकवाला, एक पेट्रोलवाला. आधी उजवी बाजू मग डावी, चार टायर आणि पेट्रोल साधारण दहा सेकंदांत. २०२२पासूनच्या नव्या गाडीत चाकाला पाचऐवजी एकच नट आहे म्हणून हे आणखी झपाट्याने होतं. गंमत म्हणजे गाडीत स्पीडोमीटरच नसतो, पिट रोडला वेगमर्यादा असते आणि ती इंजिनाच्या फेऱ्यांवरून सांभाळायची. जरा जास्त झालं की शिक्षा, आणि गाडी थेट मागे. दिवसभर कमावलेलं एका सेकंदात पाण्यात.

झेंड्यांचं फार टेन्शन घेऊ नका. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे सगळे पेस कारच्या मागे हळू, लाल म्हणजे थांबा, पांढरा म्हणजे शेवटचा लॅप, आणि चौकटीचा तर माहितीच आहे. यातला पिवळा समजून घ्या, कारण ओव्हलवर सगळी कहाणी तोच लिहितो. पिवळा लागला की अंतरं पुसली जातात, दहा सेकंद पुढे असलेल्याची सगळी आघाडी गेली. मग प्रश्न पडतो, चार टायर घ्यायचे की दोन घेऊन पुढे बाहेर पडायचं की पिटमध्ये यायचंच नाही. एक लॅप मागे पडलेल्यांमधला जो पहिला असेल त्याला त्याचा लॅप फुकट परत मिळतो, त्याला लकी डॉग म्हणतात. तुमचा सतरावा नंबरवाला अचानक परत खेळात येतो तो बहुतेक असाच. २०१७पासून रेस स्टेजेसमध्ये विभागलीये, बहुतेक ठिकाणी तीन, शार्लटच्या ६०० मैलांच्या रेसला चार, आणि स्टेज संपली की पिवळा ठरलेलाच. अख्खं स्टँड तेव्हा बाथरूमला पळतं. तुम्ही पळू नका, तेव्हाच तर पिट स्टॉप असतात. स्टेजच्या मधोमध, हिरव्यात, गाड्या लांबलांब पांगल्या की जाऊन या, रांग पण नसते.

पाऊस आला तर? मोठ्या ओव्हलवर गुळगुळीत टायरने ओल्यात पळवत नाहीत, थांबवतात. मग जोरात हवा मारणाऱ्या गाड्या ट्रॅक वाळवत फिरतात आणि तुम्ही तास-दोन तास रेनकोटात बसून शेजाऱ्याच्या कूलरमधलं खाता. दुसरी स्टेज किंवा अर्धी रेस यातलं जे आधी होईल ते झालं असेल तर निकाल तिथेच जाहीर होऊ शकतो, नसेल तर दुसऱ्या दिवशी. २०२४ची डेटोना ५०० (डेटोनाची ५०० मैलांची मोठी रेस) सोमवारीच झाली. तेच तिकीट सोमवारी चालतं, पण तुमचं रविवार रात्रीचं विमान चालत नाही, म्हणून परतीचं बुकिंग मंगळवारचं करा. हा धडा मी पैसे भरून शिकलेय.

शेवटचे दहा लॅप उरले की ट्रॅफिक टाळायला निघणारे लोक दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. शेवटी पिवळा लागला तर रेस ठरल्यापेक्षा लांबते, ओव्हरटाइमला परत दोन लॅपची झुंज होते. आणि कधी कधी ऑक्टोबर २०२२च्या मार्टिन्सव्हिलसारखं होतं, शेवटच्या लॅपला रॉस चॅस्टेन या ड्रायव्हरने वरचा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला घासत लावली आणि ब्रेक न मारता पूर्ण वळण घेऊन पाच गाड्यांना मागे टाकलं, व्हिडिओ गेमसारखं. त्यानंतर असं करायला बंदी आली, म्हणजे जे आधी निघून गेले ते कायमचेच मुकले.

रेस संपली की बर्नआउट (विजेता जागेवर चाकं फिरवून धूर काढतो ते) बघा, स्कॅनर परत द्या (स्टॉल बंद व्हायच्या आत, नाहीतर डिपॉझिट गेलं), आणि गाडी लगेच काढू नका, दीडएक तास माळरानावरच खुर्ची टाकून बसा, आजूबाजूला सगळे ग्रिल परत पेटवतातच. फोनवर लक्ष ठेवा, कारण निकाल अजून पक्का नसतो. रेसनंतर गाड्या तपासतात, आणि २०१९पासून तपासणीत नापास झाल्यास विजय काढून घेतात. २०२२ला पोकोनो ट्रॅकवर डेनी हॅमलिन जिंकला, दुसरा आलेला काइल बुश, दोघंही तपासणीत बाद, आणि एकही लॅप पुढे नसलेला चेस एलियट विजेता ठरला. त्यामुळे विजेत्याचा टीशर्ट घ्यायचाच असेल तर रात्री घ्या.