तंबूत पाणी गार ठेवायचं तर

मे महिन्यात रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर किंवा नवेगाव बांधच्या तलावावर लेकरांना घेऊन तंबूत राहणार असाल, तर बर्फाच्या पेटीवर भिस्त ठेवू नका. स्टीलच्या साध्या बाटलीला जुन्या धोतराचं सुती फडकं गुंडाळा, ओलं करा आणि सावलीत, वारा लागेल अशी फांदीला टांगा. फडकं वाळत आलं की पुन्हा भिजवा. आपल्याकडे विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो खरा, पण हवा कोरडी असते. फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि उडताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. प्लास्टिकच्या बाटलीत गारवा उशिरा उतरतो, आणि थर्मासला फडकं गुंडाळणं म्हणजे निव्वळ खटाटोप. कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, मिळाली तर सोन्याहून पिवळं!

हीच युक्ती कोकणात समुद्रकाठी फारशी चालत नाही. तिथली हवा दमट, फडकं ओलं ते ओलंच राहतं अन् पाणी कोमट. तिकडे बर्फच बरा.

फडकं भिजवायला तलावाचं पाणी चालेल, प्यायचं मात्र घरून न्या. नवेगावचं जंगल व्याघ्र प्रकल्पात येतं, तेव्हा तंबू ठोकण्याआधी वनखात्याला विचारा.