मुक्त पाठ्यपुस्तकाला हात लावताय? आधी या चुका टाळा

माझं पहिलं मोठं संपादन एका रात्रीत उलटवलं गेलं. भौतिकशास्त्राच्या एका मुक्त पाठ्यपुस्तकात, म्हणजे कुणालाही वापरता आणि सुधारता येईल अशा पुस्तकात, मुक्तपतनाचं प्रकरण वाचत होते. तिथे गुरुत्वत्वरण सरळ १० घेतलेलं. आम्ही ९.८ घोकलेली माणसं, त्यामुळे हात शिवशिवले. 'शोधा आणि बदला' लावलं, दिसेल तिथे १० चे ९.८ केले, संपादन सारांशात 'चूक दुरुस्त' लिहिलं आणि समाधानाने झोपले.

सकाळी बघते तर सगळं पूर्ववत! चर्चा पानावर कुणीतरी शांतपणे तीन मुद्दे लिहून ठेवले होते. एक, पहिल्याच प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की आकडेमोड सोपी राहावी म्हणून या पुस्तकात गुरुत्वत्वरण १० धरलंय. दोन, २० मीटरवरून सोडलेल्या दगडाला जमिनीवर यायला १० धरून बरोबर २ सेकंद लागतात, ९.८ धरलं की २.०२, शेवटच्या उत्तरसूचीत मात्र अजून २ च आहे, म्हणजे विद्यार्थ्याला वाटणार आपलंच चुकलं. आणि तीन, एका गणितात १० किलोचा ठोकळा होता, तो आता ९.८ किलोचा झालाय.

त्या ठोकळ्याची लाज मला अजून वाटते.

तेव्हापासून या कामात बरीच वर्षं आहे, आणि नव्या माणसांच्या अडचणी बघताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते. विषय कच्चा म्हणून फार कमी जण अडखळतात. बहुतेक जण अडखळतात ते समोरचं पान सुटं आहे असं धरून चालल्यामुळे. पाठ्यपुस्तकातलं पान सुटं नसतं. त्याच्या मागे व्याख्या असतात, पुढे सरावप्रश्न, शेवटी उत्तरं, आणि बाजूला ते पान याआधी सांभाळणारी चार माणसं.

कुठल्या दाराने आत जायचं, हेच न बघणं

'मुक्त' म्हटलं की सगळीकडे एकच पद्धत असेल असं वाटतं. तसं नाही. विकिबुक्स २००३ साली सुरू झालं ते विकिपीडियाच्याच धर्तीवर: पान उघडा, संपादन करा, जतन करा. ओपनस्टॅक्सची पुस्तकं नेमलेले लेखक आणि समीक्षक तयार करतात. तिथे वाचकाने चूक सापडली की ती कळवायची असते, थेट मजकुरात शिरायचं नसतं. लिब्रेटेक्स्ट्स २००८ मध्ये रसायनशास्त्राच्या विकीच्या रूपात सुरू झालं, तिथे संपादनासाठी खातं मागून घ्यावं लागतं. काही गणिताची पुस्तकं गिटवर (फायलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर) असतात, तिथे आपला बदल 'पुल रिक्वेस्ट' म्हणून पाठवायचा आणि कुणी बघेपर्यंत थांबायचं.

हे न बघितल्यामुळे घडतं ते असं: कुणीतरी महिनाभर खपून आख्खं प्रकरण लिहितं आणि मग कळतं की तिथे प्रकरणं स्वीकारतच नाहीत, फक्त चुकांची नोंद स्वीकारतात. प्रकल्पाचं मदत पान वाचायला अर्धा तास लागतो. वाचा.

विकीवर असाल तर धूळपाटी, म्हणजे सरावाचं कच्चं पान, वापरा. ती नवशिक्यांसाठीच असते हा गैरसमज आहे. मोठा तक्ता किंवा गुंतागुंतीचा साचा (अनेक पानांवर वापरायची तयार चौकट) करायचा असेल तर मी आजही आधी धूळपाटीवरच करते.

'फुकट आहे ना, मग घेतलं'

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून इथे जरा थांबते.

मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. एखादी आकृती पैसे न देता बघता येते, म्हणून ती उचलून आपल्या पुस्तकात टाकता येत नाही. त्यासाठी तिच्यावर तसा परवाना हवा. बहुतेक प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वापरतात. त्यातली अक्षरं नीट ओळखून ठेवा: 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एसए' म्हणजे त्यावरून तुम्ही जे कराल तेही याच परवान्याखाली द्या, 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको, 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका.

विकिबुक्सवरचं पुस्तक 'बीवाय-एसए' असतं. त्यात 'बीवाय'चा मजकूर घेता येतो, सार्वजनिक अधिकारातला (ज्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नाही असा) घेता येतो. 'एनसी' किंवा 'एनडी' असलेला घेता येत नाही. कारण विकिबुक्स वाचकाला व्यावसायिक वापराचीही मुभा देतं, आणि जी मुभा मूळ लेखकाने दिलीच नाही ती तुम्ही पुढे कशी देणार? नवीन लोक नेमके इथेच फसतात, कारण दोन्ही पुस्तकं 'ओपन' म्हणवतात. ओपनस्टॅक्सची कॅल्क्युलसची पुस्तकं 'बीवाय-एनसी-एसए' आहेत. वाचायला खुशाल वाचा, पण त्यातला उतारा विकिबुक्सवर चालणार नाही.

उलट दिशाही लक्षात ठेवा. 'बीवाय-एसए' मजकूर नुसत्या 'बीवाय' पुस्तकात टाकला तर 'एसए'ची अट तुटते.

आणखी काही खड्डे आहेत. मुक्त पुस्तकातली प्रत्येक आकृती पुस्तकाच्याच परवान्याखाली असते असं नाही, म्हणून आकृतीखालची श्रेयओळ स्वतंत्र वाचा. 'मी लेखकाला विचारलं, ते म्हणाले वापरा' हेही पुरत नाही. ती परवानगी तुम्हाला मिळाली, पण पुस्तक उतरवून छापणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या पुढच्या माणसाला मिळाली नाही. आणि वाक्यावाक्यात शब्द फिरवून लिहिलेलं प्रकरण हे मूळ प्रकरणच असतं. सूत्रं आणि तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात, पण ती समजावून सांगण्याची शब्दरचना, उदाहरणांची निवड, सरावप्रश्नांचा संच हे सगळं कुणाचं तरी असतं. पुस्तक मिटा, स्वतःच्या डोक्यातून लिहा.

श्रेय देताना चार गोष्टी पुरतात: कृतीचं नाव, कर्ता, मूळ दुवा, परवाना. त्याच प्रकल्पातल्या एका पानावरून दुसऱ्या पानावर मजकूर नेलात तरी संपादन सारांशात मूळ पानाचा दुवा द्या. नाहीतर ज्याने तो लिहिला त्याचं नाव जुन्या पानाच्या इतिहासातच अडकून राहतं.

नवं पुस्तक सुरू करणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात, 'परवान्याचं नंतर बघू.' नंतर बघता येत नाही. विकिबुक्ससह बहुतेक विकिमीडिया प्रकल्प सुरुवातीला जीएनयूच्या मुक्त दस्तऐवज परवान्याखाली होते आणि २००९ मध्ये 'बीवाय-एसए'वर आले. हजारो लेखकांना एकेक करून विचारणं अशक्य होतं. ते जमलं कारण नोव्हेंबर २००८ मध्ये त्या परवान्याची १.३ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात विकींना १ ऑगस्ट २००९ पर्यंत परवाना बदलण्याची खास मुभा होती. तुमच्या सात जणांच्या पुस्तकासाठी कुणी अशी खिडकी उघडणार नाही. आणि सातातला एक जण दोन वर्षांनी मेलला उत्तर देणार नाही, हे लिहून ठेवा.

ज्ञानकोश लिहून ठेवणं

विकिपीडियावर हात बसलेली माणसं इथे येतात आणि तसंच लिहितात: व्याख्या, इतिहास, प्रकार, उपयोग. माहिती सगळी असते, पण शिकता येत नाही. पाठ्यपुस्तकात क्रम महत्त्वाचा. तिसऱ्या प्रकरणात सदिश वापरायचे असतील तर ते दुसऱ्यात शिकवलेले हवेत. सोडवलेलं उदाहरण हवं, त्यात विद्यार्थी जिथे घसरतो ती पायरी गाळलेली नको, आणि 'यावरून सहज दिसते की' हे शब्द शक्यतो नकोतच. ज्याला सहज दिसतं तो पुस्तक कशाला उघडेल?

प्रकरण लिहिण्याआधी एक ओळ लिहून बघा: हे वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला कुठलं गणित सोडवता येईल? ओळ सुचत नसेल तर प्रकरणही अजून सुचलेलं नाही.

एक ना धड, भाराभर चिंध्या

नवं पुस्तक सुरू करण्याचा मोह भयंकर असतो. अनुक्रमणिका लिहायला मजा येते. अठरा प्रकरणांची नावं, पहिल्या प्रकरणाची दोन पानं, मग 'लवकरच येत आहे'. अशा अर्धवट पुस्तकांचा ढीग या प्रकल्पांवर पडलेला असतो, आणि शोधत आलेला विद्यार्थी त्यातल्याच एखाद्यावर येऊन आपटतो.

कमतरता असते ती सरावप्रश्नांची, त्याहून जास्त तपासलेल्या उत्तरांची. हे काम दिसत नाही, त्यामुळे ते कुणाला नको असतं. माझं ऐकाल तर पहिले दोन महिने एकही प्रकरण लिहू नका. एखाद्या चालू पुस्तकाचे सरावप्रश्न स्वतः कागदावर सोडवा आणि उत्तरसूची ताडून बघा. चुका सापडतीलच. विषयाची उजळणी होईल, पुस्तकाची बांधणी कळेल आणि जुनी मंडळी तुम्हाला नावाने ओळखू लागतील.

भाषांतर यंत्रावर सोपवणं

यंत्राचा कच्चा खर्डा घ्यायला माझी हरकत नाही. तो न वाचता चिकटवायला आहे. इंग्रजीत 'पॉवर' हा एकच शब्द भौतिकशास्त्रात शक्ती आणि गणितात घात. मी '२ ची तिसरी शक्ती' असं छापलेलं पाहिलंय. सांख्यिकीत 'मीन'चा, म्हणजे सरासरीचा, 'अर्थ' झालेलाही पाहिलाय. वस्तुमानाच्या जागी वजन तर रोजचंच. 'चाल' आणि 'वेग' यांची अदलाबदल त्याहून वाईट, कारण वाक्य वाचताना खटकत नाही आणि फरक शिकवायचा असतो नेमका तोच.

उपाय जुनाच आहे: परिभाषेची यादी. पुस्तकाच्या चर्चा पानावर एक तक्ता करा आणि वाद घालायचा तो तिथे, एकदाच घाला. प्रत्येक प्रकरणात नव्याने नको. आधीची यादी असेल तर ती पाळा, एखादा शब्द आवडला नाही तरी. आणि यंत्राची मदत घेतली असेल तर सारांशात तसं लिहा, म्हणजे तपासणारा जास्त डोळसपणे वाचतो. यंत्राने दिलेल्या संदर्भांवर तर अजिबात विसंबू नका. ते पुस्तक आहे का, आणि त्या पानावर ते आहे का, स्वतः उघडून बघा.

चित्रातली अक्षरं

थोडक्यात सांगते. सूत्र चित्र म्हणून चिकटवू नका, लाटेक्समध्ये (सूत्रं टाइप करायच्या संगणकीय पद्धतीत) टाइप करा. चित्रातलं उणे चिन्ह कुणालाच दुरुस्त करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यापाशी गप्प होतं. आकृत्या शक्यतो एसव्हीजीमध्ये (ज्यात नंतर बदल करता येतात अशा चित्रप्रकारात), नावं वेगळ्या मजकुराच्या थरात, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला आकृती पुन्हा काढावी लागत नाही. पर्यायी मजकुरात (चित्र न दिसणाऱ्यासाठीच्या वर्णनात) 'आकृती ३' लिहू नका, आकृतीत काय दिसतं ते लिहा.

आता, अडलंच तर

*संपादन उलटवलं गेलं.* परत तेच टाकू नका. आधी पानाचा इतिहास उघडा, उलटवणाऱ्याने सारांशात कारण दिलंय का बघा, मग चर्चा पानावर विचारा. 'का काढलंत?' यापेक्षा 'मी हे अमुक कारणासाठी बदललं होतं, अडचण कुठे आहे?' याला उत्तर लवकर येतं. उलटवलेलं काही हरवत नाही, इतिहासात सगळं असतं. आणि हो, कधीकधी उलटवणाराच चुकलेला असतो. तेही त्याच पानावर निघतं.

*बदल आठवडेच्या आठवडे पडून आहे.* बहुधा तो फार मोठा आहे. चाळीस पानांचा बदल तपासायला कुणाची संध्याकाळ मोकळी नसते. शुद्धलेखन, मांडणी आणि आशय यांचे तीन वेगळे बदल करा. शुद्धलेखनाचा त्याच दिवशी आत जाईल.

*गिटवर सारखे संघर्ष (दोघांनी एकच ओळ बदलल्यामुळे येणारे अडथळे) येतात.* मोठा परिच्छेद एकाच ओळीत असेल तर त्यातला स्वल्पविराम बदलला तरी आख्खी ओळ बदललेली दिसते. एका ओळीत एक वाक्य ठेवा. आणि काम सुरू करण्याआधी ताजी प्रत ओढून घ्या, संपल्यावर नव्हे.

*चर्चा पानावर कुणीच नाही.* पुस्तक बेवारस असू शकतं. प्रकल्पाच्या सामायिक चर्चेत 'मी हे पुस्तक पुढे नेऊ इच्छिते, हरकत आहे का?' असं विचारा, आठ-दहा दिवस थांबा, मग सुरू करा. जुन्या लेखकाची रचना पहिल्याच दिवशी मोडू नका. तो परत येतोही.

*उत्साह संपला.* नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच असतात, त्यात गुन्हा काही नाही. पुस्तकाला त्रास होतो तो न सांगता गायब होणाऱ्यांचा, कारण 'या प्रकरणावर अमुक जण काम करत आहेत' ही पाटी तशीच लटकत राहते आणि दुसरं कुणी हात लावत नाही. निघताना पाटी काढा आणि चर्चा पानावर दोन ओळी सोडा. माझ्या शेवटच्या अशा नोंदीत एवढंच होतं: 'सरावप्रश्न १ ते ६ तपासले. ७ ते १२ ची उत्तरं तपासलेली नाहीत. आकृती ३ मधली नावं अजून इंग्रजीत आहेत. गुरुत्वत्वरण १० च आहे, कृपया बदलू नये.'